आराशीतली रेल्वे: रिव्हर्सिंग लूप, जाणारी लाईट आणि दिशा लक्षात ठेवणारा रिले

मामींची अट एकच होती. महालक्ष्म्यांच्या तिन्ही दिवशी दर्शनाला कुणी आलं की गाडी पळताना दिसली पाहिजे, आणि तिच्यापाशी घरातलं कुणी बटण धरून बसलेलं नको. आदल्या वर्षी मामा स्वतः बटण धरून बसले होते आणि पाहुण्यांना पाणी विचारायला बैठकीत कुणीच नव्हतं. अट त्यातून आली होती.

घर परभणीतलं. मामा रेल्वेच्या संकेत विभागातून निवृत्त झालेले, मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटरगेज होता त्या काळापासून रिले रूममध्ये वावरलेले. (रिले म्हणजे कॉइलमध्ये वीज सोडली की चालणारा स्विच.) छंद एचओ मॉडेल रेल्वेचा: प्रमाण १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. (आपल्या १६७६ मिमी ब्रॉडगेजला या प्रमाणात १९ मिमीहून थोडं जास्तच लागतं. १६.५ हे परदेशी १४३५ मिमी गेजचं माप. मामा ही तडजोड खपवून घेतात, पण कुणी विचारलं की ऐकवतातच.) भाची पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते आणि महालक्ष्म्यांना न चुकता आजोळी येते. मी शेजारचा. सोल्डरिंगच्या वेळी तारा धरायच्या आणि काय झालं ते वहीत उतरवायचं, एवढंच माझं काम.

गोल फिरणारी गाडी का नाही, हे सगळ्यांनी विचारलं. कारण जागा. उभ्या महालक्ष्म्यांच्या पुढे पूजनाच्या दिवशी नैवेद्याची ताटं लागतात, तिथे तीन-चार फूट रुंद वर्तुळ मांडणं शक्यच नव्हतं. भिंतीलगत एक फूट रुंदीची दहा फुटी फळी मामींनी मंजूर केली, आणि फळीच्या दोन्ही टोकांना, आराशीच्या बाहेर, चार बाय चारचे दोन चौकोन. आठ बाय चारच्या एका प्लायवूडचे दोन तुकडे केले की हे दोन चौकोन बरोब्बर निघतात. एका टोकाला नाव पडलं मनमाड, दुसऱ्याला पूर्णा, मध्ये परभणी स्टेशन. गाडी एका टोकाला जाणार, १८ इंच त्रिज्येच्या वळशातून फिरणार, आणि आली त्याच रुळावरून तोंड पुढे करून परत येणार. या वळशालाच रिव्हर्सिंग लूप म्हणतात. खऱ्या स्टेशनातली लूप लाइन ही नव्हे.

वळशात शॉर्ट का होतो

दोन रुळांच्या डीसी पद्धतीत एक रूळ धन, दुसरा ऋण, आणि कुठला धन यावर गाडीची दिशा ठरते. आता मुख्य मार्गावर डाव्या रुळावर डावा पाय आणि उजव्यावर उजवा ठेवून चालत निघा. वळशातून फिरून सांध्यापाशी, म्हणजे रुळाला जिथे दोन फाटे फुटतात तिथे, परत आलात की तुमचा डावा पाय मघाच्या उजव्या रुळावर पडतो. म्हणजे धन रूळ फिरून ऋण रुळाला येऊन भेटला. गाडी ठेवायच्या आधीच शॉर्ट.

उपाय जुना आहे. वळशाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापायचे, चारही ठिकाणी प्लास्टिकचे जॉइंटर घालायचे आणि वळशाला वेगळा पुरवठा द्यायचा. मामांना यात नवं काहीच नव्हतं, ट्रॅक सर्किटसाठी खरे रूळही असेच इन्सुलेटेड जॉइंटने तोडलेले असतात. मात्र रूळ कापून अर्धंच काम होतं. गाडी आत शिरताना वळशाची आणि मुख्य मार्गाची पोलॅरिटी (कुठला रूळ धन, कुठला ऋण) एका तोंडाशी जुळायला हवी आणि बाहेर पडताना दुसऱ्या तोंडाशी. दोन्ही तोंडं एकाच वेळी कधीच जुळत नाहीत. म्हणून गाडी संपूर्ण वळशात असताना कुठली तरी एक बाजू उलटवावी लागते.

कुठली उलटवायची, इथे नवखे गोंधळतात. डीसीसी पद्धतीत, म्हणजे रुळातूनच इंजिनाला डिजिटल संदेश पाठवतात तिथे, इंजिनातला डिकोडर रुळाची पोलॅरिटी बघतच नाही, तो संदेश वाचतो. म्हणून तिथे वळसाच उलटवतात, आणि शॉर्ट ओळखून क्षणात उलटवणारे तयार मॉड्यूल मिळतात. साध्या डीसीत वळशातली पोलॅरिटी फिरवली तर गाडी आतल्या आत मागे पळेल. तिथे वळसा तसाच ठेवून मुख्य मार्ग उलटवायचा असतो. (तीन रुळांच्या मार्कलिन पद्धतीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण बाहेरचे दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीने एकच.) मामांची दोन्ही इंजिनं जुनी, डीसीची. डिकोडर बसवायचा खर्च आणि खटपट एका आराशीसाठी कुणालाच नको होती.

मुख्य मार्ग उलटवल्यावरही वळसा तसाच राहावा यासाठी एक ब्रिज रेक्टिफायर पुरतो, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या चार डायोडची जोडणी. त्याची एसीची दोन टोकं मुख्य मार्गाच्या पुरवठ्याला आणि डीसीची दोन टोकं वळशाच्या रुळांना जोडायची. मुख्य मार्ग हवा तेवढ्यांदा उलटा, वळशात विजेची दिशा कायम, आणि गाडी नेहमी एकाच बाजूने फिरणार. वाटेत दोन डायोड लागतात, त्यांत साधारण १.४ व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे वळशात गाडी जरा मंदावते. ते भरून काढायला मुख्य मार्गाच्या वाटेतही उलटसुलट डायोडच्या जोड्या घालतात. मामांनी साफ नकार दिला. "वळणावर गाडी हळूच जायला पायजे. तिथं पळवायची कामून?"

आता मापं. डब्ल्यूडीएम-२ जातीचं इंजिन प्रत्यक्षात १७.१२ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला) डबा बफरांसकट सुमारे २५.५. एक इंजिन आणि चार डबे मिळून १.२२ मीटर झाले. कापांच्या आतला वळसा २.४ मीटरचा. धातूच्या चाकांचे डबे असल्यामुळे शेवटचं चाक आत आल्याशिवाय दिशा उलटवता येत नाही, कारण कापावरून जाणारं एकेक चाक दोन्ही बाजूंचे रूळ क्षणभर जोडतं. म्हणून सेन्सर आतल्या तोंडापासून १.६ मीटरवर बसवला. इंजिन तिथे पोचतं तेव्हा शेवटचा डबा चाळीसेक सेंटिमीटर आत आलेला असतो, आणि पुढे बाहेरच्या तोंडापर्यंत चार-पाच सेकंद मिळतात. रिलेला एवढा वेळ म्हणजे चंगळ.

भाचीचा अर्डुइनो आणि मामांचा स्टिक रिले

भाचीने येताना अर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), दोन रिलेंचं मॉड्यूल आणि दोन इन्फ्रारेड सेन्सर आणले होते. वळशात सेन्सरने इंजिन पाहिलं की प्रोग्रॅम दिशा उलटवणार. माडीवर, ट्यूबलाइटखाली, हे उत्तम चाललं. खाली बैठकीत मांडून समई लावली आणि गाडी मध्यावरूनच मागे फिरायला लागली. हे स्वस्त सेन्सर पाठवलेला इन्फ्रारेड आणि बाहेरून आलेला यांत फरक करत नाहीत. समईची ज्योत इन्फ्रारेड भरपूर सोडते आणि हलतेही. पूर्णेच्या टोकाला समई, म्हणून पूर्णेचा सेन्सर मनाला येईल तेव्हा गाडी पाहू लागला. समई हलवा असं भाची एकदाच म्हणाली. मामींनी नुसतं पाहिलं. तो विषय तिथेच मिटला.

सेन्सरपेक्षा मोठी अडचण प्रोग्रॅमच्या मूळ कल्पनेत होती, आणि ती मामांनी पकडली. प्रोग्रॅम म्हणत होता, "गाडी दिसली की दिशा उलटव." एकदा खोटी गाडी दिसली, किंवा एकच गाडी दोनदा मोजली गेली, की हिशेब चुकतो तो चुकतोच, त्यानंतरची प्रत्येक उलटापालट चुकीच्या बाजूने होते. मामांचं म्हणणं होतं की पूर्णेच्या सेन्सरने फक्त "आता मनमाडकडे" म्हणायचं आणि मनमाडच्या सेन्सरने फक्त "आता पूर्णेकडे". मग कुणी दहादा म्हटलं तरी बिघडत नाही. या प्रकरणातला माझ्या मते सर्वात मोलाचा निर्णय हाच. घरगुती सर्किट करणारे बहुतेक जण टॉगलच्या, म्हणजे दर इशाऱ्याला दिशा उलटवण्याच्या, मागे लागतात, कारण त्यात एकच तार लागते. ती वाचवलेली तार पुढे फार महाग पडते.

सेन्सर म्हणून मामांनी रीड स्विच काढले. काचेच्या नळीत दोन पात्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात. ज्योत, ऊन, विजेच्या माळा, कशाचंही त्यांना सोयरसुतक नाही. इंजिनाच्या डिझेल टाकीखाली छोटं निओडिमियम चुंबक चिकटवलं, आणि रीड स्लीपरांच्या मध्ये रुळाच्या दिशेने लावला. असा लावलेला रीड चुंबक जाताना बऱ्याचदा दोनदा चिकटतो. टॉगल असता तर इथेच गाडं अडलं असतं.

रिले मात्र मामांनी आयुष्यभर पाहिलेल्या पद्धतीने जोडला. पॅनेलच्या दुकानात सहज मिळणारा अकरा पिनांचा, तीन चेंजओव्हरचा (दोन वाटांत अदलाबदल करणाऱ्या कॉन्टॅक्टचा), १२ व्होल्टचा रिले. दोन कॉन्टॅक्ट पोलॅरिटी उलटवायला, तिसरा स्वतःला धरून ठेवायला. पूर्णेचा रीड चिकटला की रिले उचलतो आणि स्वतःच्याच कॉन्टॅक्टमधून वीज घेत उचललेला राहतो. सिग्नलवाले याला स्टिक रिले म्हणतात. मनमाडचा रीड एका छोट्या रिलेला उचलतो, त्याच्या बॅक कॉन्टॅक्टमधून ही धरण्याची वाट तुटते आणि मोठा रिले पडतो. रिले उचललेला म्हणजे मनमाडकडे, पडलेला म्हणजे पूर्णेकडे. प्रोग्रॅम नाही, बूट होणं नाही. संध्याकाळभर गाडी सुरेख चालली, आणि भाची जरा खट्टू झाली.

मग लाईट गेली.

परभणीत भाद्रपदात लाईट जाणं ही बातमी नव्हे. पण तेव्हा गाडी पूर्णेच्या वळशातून निम्मी बाहेर आली होती. लाईट गेली तसा रिले पडला. लाईट आली तेव्हा त्याला धरणारं कुणी नव्हतं, तो पडलेलाच राहिला, आणि मुख्य मार्ग "पूर्णेकडे" झाला. वळशातली वीज मात्र, ब्रिजमुळे, गाडीला बाहेर ढकलणारीच. कापावर उभ्या चाकांनी दोघांना जोडलं. मुख्य मार्गाचं धन टोक वळशाच्या ऋण रुळाला भिडलं आणि ब्रिजमधल्या एकाच डायोडमधून सगळा करंट परत निघाला. ब्रिज चार वन-एन ४००७ जोडून केलेला, म्हणजे एक अँपिअरचे डायोड. अॅडॉप्टर दोन अँपिअरचा, त्यात आत सुरक्षा यथातथाच. जळका वास आला तेव्हा मामींना आधी वाटलं की समईची वात काजळली.

नवा डायोड लावून पुन्हा मुद्दाम लाईट घालवून पाहिली, वेगवेगळ्या जागी गाडी असताना. दुसरा प्रकार जास्त फसवा निघाला. गाडी मध्यावर, मनमाडकडे निघालेली. लाईट येताच ती उलटी पूर्णेकडे चालू लागली, डबे पुढे आणि इंजिन मागे. तशीच ती वळशात शिरली. पण चुंबक तर इंजिनाखाली! ते सेन्सरपाशी पोचेपर्यंत पुढचा डबा बाहेरच्या तोंडावरून सांध्यात गेलेला होता. पुन्हा शॉर्ट, आणि डबा रुळावरून खाली. "आता ही उलटी पळायली कामून, माय?" हा प्रश्न मामांनी रिलेलाच विचारला.

या टप्प्यावर इन्व्हर्टरचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. घरात इन्व्हर्टर होता, बॅटरी उतरलेली होती, नवी घालता आली असती. पण हा लाईट जाण्यापुरता प्रश्न नव्हता. रात्री सगळे झोपायला गेले की गाडी आहे तिथे बंद होणार आणि सकाळी बटण दाबलं की तिथूनच चालू होणार. बटण बंद करणं आणि लाईट जाणं यात रिलेच्या दृष्टीने काहीच फरक नाही.

भाचीचा पुढचा मुद्दा विचार करण्याजोगा होता. अर्डुइनोच्या चिपमध्ये ईईप्रॉम असते, वीज गेली तरी तिथे लिहिलेलं टिकतं. दिशा बदलली की तिथे लिहायची आणि चालू होताना वाचायची. ही ईईप्रॉम एक लाख वेळा लिहिण्यासाठी प्रमाणित असते. पाऊण मिनिटाला एक उलटापालट, दिवसाचे सहा तास, वर्षाचे तीन दिवस धरले तरी सत्तरेक वर्षं निघतील. हिशेब बिनचूक होता. अडचण लिहिण्यात नव्हती, चालू होण्याच्या पहिल्या सेकंदात होती. वीज आल्यावर बूटलोडर संपून प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत अर्डुइनोच्या पिना मोकळ्या असतात, रिलेचं मॉड्यूल बंद असतं, आणि त्या वेळात मुख्य मार्गावर बंद रिले सांगेल तीच दिशा लागते. रुळात वीज मात्र आलेली असते. सेकंदभर चुकीची दिशा मिळणं कापावर उभ्या गाडीला पुरेसं आहे. रुळाची वीज उशिरा सोडणारा आणखी एक रिले घालून हेही सुटलं असतं, पण मग एक विसरणारी वस्तू सांभाळायला दुसरी आणि तिला सांभाळायला तिसरी. हा रस्ता मला पटत नाही.

दोन कॉइलचा लॅचिंग रिले

उत्तर दोघांच्या मधलं निघालं, आणि तेही मामांच्या जुन्या नोकरीतूनच. सिग्नलच्या कामात मॅग्नेटिक लॅच रिले असतात: एक कॉइल उचलते, दुसरी पाडते, आणि दोन्ही बंद असताना आतलं कायमचं चुंबक आहे ती स्थिती धरून ठेवतं. तेच काम करणारा काडेपेटीहूनही लहान रिले आज मिळतो: १२ व्होल्ट, दोन कॉइल, दोन चेंजओव्हर. परभणी-नांदेडच्या दुकानांत तो मिळाला नाही, कुरिअरने मागवावा लागला. याची कॉइल पोलॅरिटी पाहून जोडावी लागते. साध्या रिलेसारखी कशीही चालत नाही. कॉन्टॅक्ट दोन अँपिअरचे, आणि गाडी घेते अर्ध्या अँपिअरच्या आत.

जोडणी अशी. पूर्णेच्या वळशातला रीड सेट कॉइलला, मनमाडच्या वळशातला रीसेट कॉइलला. प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड. दोन्ही रीडना समांतर एकेक पुश बटण, कारण वाटेत हिसके खाऊन नवा रिले कुठल्या स्थितीत येईल याचा भरवसा नसतो, आणि कधी हाताने दिशा द्यावीच लागते. रीडच्या मालिकेत ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्या कपॅसिटरवर १० किलोओहमचा रेझिस्टर. चुंबक नेमकं रीडवर थांबलं तरी कॉइलला एकच धक्का मिळतो, ती तापत बसत नाही. चुंबक पुढे सरकल्यावर कपॅसिटर काही सेकंदांत रिकामा होऊन पुढच्या फेरीला तयार. दिशेचं संपूर्ण नियंत्रण एवढंच. आता लाईट केव्हाही जावो, गाडी कुठेही असो, परत आली की मुख्य मार्गावर तीच पोलॅरिटी असते.

तेच तत्त्व वेगालाही लावावं लागलं. मामांकडे दोन पीडब्ल्यूएम कंट्रोलर होते. एकाचा वेग बटणं दाबून ठरतो आणि वीज आली की तो शून्यावर येतो. दुसऱ्याला साधं फिरवायचं नॉब, ते जिथे असेल तिथेच राहतं. दुसरा ठेवला.

शॉर्टची भीती तरीही पुरती जात नाही. एखादं लहान मूल रुळावर चमचा ठेवणारच. कंट्रोलर आणि लॅचिंग रिले यांच्या मध्ये मामांनी ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मालिकेत लावला. गाडी नुसती चालत असताना फिलामेंट थंड असतं, त्याचा विरोध नगण्य, बल्ब पेटतही नाही. शॉर्ट झाला की तो लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरवर अडवतो. रिलेचे कॉन्टॅक्ट दोनचे, अॅडॉप्टरही दोनचा. बल्ब बरोबर त्यांच्या आत बसतो. शिवाय दुरूनही कळतं. फ्यूज घातला असता तर दर वेळी बदलायला माणूस लागला असता. जळालेल्या ब्रिजच्या जागी दोन्ही वळशांना केबीपीसी २५१० बसवले, २५ अँपिअरचे, धातूच्या पाठीचे. गरजेपेक्षा कितीतरी मोठे आहेत, पण स्वस्त आहेत आणि त्यांचे पाय सोल्डर करायला सोपे.

सांध्याचा प्रश्न यांत्रिक होता. गाडी आत जाताना एका फाट्याने जाते, बाहेर येते दुसऱ्याने, म्हणजे दर फेरीला सांधा बदलायला हवा. इथे मोटर टाळली. पियानो वायरचा बारीक तुकडा लावून सांध्याच्या पात्या (सरकणारे रूळ) एकाच बाजूला टेकवून ठेवल्या. येणारी गाडी नेहमी त्याच फाट्याने आत जाते आणि परत येणारी चाकं पात्या बाजूला सारून निघून जातात. इंजिनाला हे जमलं, डब्यांना जमेना. डबे फार हलके होते. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेची एचओ डब्यांसाठी वजनाची शिफारस आहे: मुळात एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. दहा इंची डब्याला सहा औंस, म्हणजे १७० ग्रॅम. आमचे डबे त्याच्या जवळपासही नव्हते. टायरच्या दुकानातून व्हील बॅलन्सिंगची चिकटपट्टीची वजनं आणून डब्यांच्या तळाशी लावली, वायरही थोडी मऊ केली, आणि सांधा सुतासारखा चालू लागला. सांध्याचं फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लास्टिकचं असल्याने तिथे विजेचं वेगळं काही करावं लागलं नाही.

अर्डुइनो वाया गेला नाही. परभणी स्टेशनात गाडी थोडी थांबवायचं काम त्याला दिलं. मुख्य मार्गाचा पुरवठा त्याच्या रिलेच्या नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टमधून जातो. अर्डुइनो बूट होत असेल, बिघडला असेल, अगदी काढून नेला असेल, तरी वीज चालू राहते, गाडी फक्त स्टेशनात थांबत नाही. सिग्नलच्या कामात सुरक्षेचा भाग आणि सोयीचा भाग असा वेगळा ठेवतात, हे मामांनी भाचीला इथे नीट समजावलं. तिने मान डोलावली आणि स्टेशनात थांबताना वाजणारी घंटाही प्रोग्रॅममध्ये घालून टाकली.

तीन दिवस

आवाहनाच्या दिवशी दुपारपासून गाडी चालू होती. इंजिनावर "देवगिरी" असं भाचीने रंगवलं होतं, त्यामुळे पाहुण्यांत मुंबईला जाणारे कोण कोण आहेत ते आपोआप कळत गेलं. पूजनाच्या संध्याकाळी लाईट दोनदा गेली. दोन्ही वेळा आल्यावर गाडी आहे त्या दिशेने पुढे निघाली. त्यातल्या एका वेळी ती पूर्णेच्या कापावरच उभी होती. बल्ब पेटला तो एकदाच, एका लहानग्याने रुळावर हळकुंड नव्हे तर चांगलं स्टीलचं निरांजन आडवं ठेवलं तेव्हा.

त्रास झाला तो विजेचा नव्हता. धूप-उदबत्तीचा धूर आणि समईच्या तेलाची बारीक वाफ रुळांवर बसते आणि तिसऱ्या दिवशी इंजिन वळशात अडखळू लागलं. डायोडचे १.४ व्होल्ट आधीच गेलेले, म्हणून मळ तिथेच आधी बोचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने रूळ पुसले की ठीक होतं, पण चालू आराशीत पदर सांभाळत ते करणं अवघड आहे. पुढच्या वेळी वळशापुरता तरी रूळ रोज रात्री पुसायचा असं ठरलं. दुसरी गोष्ट, टाकीखालचं चुंबक आराशीतल्या टाचण्या उचलतं. एक टाचणी रुळांना आडवी बसली असती तर पुन्हा बल्ब पेटला असता. चुंबकाखाली प्लास्टिकची पातळ पट्टी लावल्यावर टाचण्या चिकटतात तरी लवकर गळतात. पूर्ण उपाय हा नाही.

आता वाद चालू आहे तो दुसऱ्या गाडीचा. दोन्ही गाड्या एकाच वळशात थांबवाव्यात तर दोघींची मिळून लांबी २.४४ मीटर होते आणि वळसा २.४ चा. एकेक डबा कमी केला तर बसतील, पण मग सेन्सर कुठे ठेवायचा हे सगळं नव्याने मोजावं लागेल. मामांच्या मते खरा मार्ग मध्ये क्रॉसिंग देण्याचा: परभणीत दोन लाइनी, फळीचे दोन विद्युत भाग, प्रत्येक भागाला स्वतंत्र लॅचिंग रिले, आणि दोन्ही गाड्या आल्याशिवाय कुणालाच सोडायचं नाही. ही अट रिलेच्या कॉन्टॅक्टनी घालायची की प्रोग्रॅमने, यावर मामा-भाचीचं फोनवर बोलणं होत असतं. मी कागदावर मोजून पाहिलं. एक फूट रुंदीच्या फळीवर दोन लाइनी आणि मधला फलाट बसतो, पण स्टेशनच्या इमारतीला जागा उरत नाही. फळी तीन इंच वाढवून मिळेल का, हे मामींना अजून कुणी विचारलेलं नाही.